बारकं लेकरू, उपाशी लेकरू

गणपतीच्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाचीचा एक रिपोर्ट येऊन पडला. पहिलं बाळंतपण, छत्तिसावा आठवडा. बीपी ठीक, साखर ठीक, सोनोग्राफीत बाळाचं वजन आठवड्याला शोभेल असं. पण ‘थर्ड ट्रायमेस्टर प्रोफाइल’ नावाच्या पॅकेजमध्ये एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ या दोन प्रथिनांचा रेशोही काढला होता. तो आला ५२, आणि त्याच्यापुढे वर जाणारा लाल बाण. संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये दोन तट पडले. पुण्याच्या मावसभावाचं म्हणणं, ही टेस्ट सगळ्याच बायकांची व्हायला पाहिजे, सरकारने सक्तीची करावी. नागपूरच्या धंतोलीत पंचवीस वर्षं मेडिकल स्टोअर चालवलेल्या मेहुण्याचं म्हणणं, हा सगळा लॅबवाल्यांचा धंदा आहे, आपल्या आईला काय रेशो काढून झालो आपण? पुढे हीच दोन वाक्यं मला डॉक्टर मित्रांच्या गप्पांत, एका आरोग्यविषयक बैठकीत आणि सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत, थोड्याफार फरकाने, पुन्हा पुन्हा ऐकू आली. डॉक्टर होणाऱ्या मुलांना मी पस्तीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं. रक्तातल्या आकड्यांशी माझं काही वैर नाही, त्यांच्यावरच माझं घर चाललं. तरीही हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या जागी चालला आहे असं मला वाटतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तावरून बाळाची खुंटलेली वाढ ओळखू पाहणाऱ्या या चाचण्या सरसकट प्रत्येक गरोदर बाईला लावू नयेत. लावल्या तर जेवढी बाळं वाचतील, त्याहून जास्त बायका विनाकारण ऑपरेशन टेबलावर जातील. पण त्यांना थोतांड म्हणणाऱ्यांनाही विदर्भातल्या बाळांची गोष्ट नीट कळलेली नाही. टेपने आणि सोनोग्राफीने बाळ लहान आहे असं दिसलं, की ‘हे नुसतंच बारकं आहे की उपाशी आहे?’ हा दुसरा प्रश्न विचारावा लागतो. ही चाचणी त्या दुसऱ्या प्रश्नाची आहे, आणि आपल्याकडे तो प्रश्न इंग्लंडमधल्या केंब्रिजपेक्षा जास्त वेळा पडतो.

चाचणी नेमकं काय बघते? बाळाला ती बघतच नाही. ती बघते वार, म्हणजे प्लासेंटा. बाळाचं खाणं-पिणं, श्वास, कचरा, सगळी ने-आण वारेतून होते. पीएलजीएफ हे वारेतून आईच्या रक्तात येणारं, रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन. साधारण तिसाव्या आठवड्यापर्यंत ते वाढत जातं आणि मग आपसूक उतरू लागतं. वार नीट रुजली नसेल, तिला रक्त कमी मिळत असेल, तर पीएलजीएफ आधीच घसरतं आणि त्याला अडवून धरणारं एसएफएलटी-१ चढतं. एकाला दुसऱ्याने भागलं की रेशो. याच्या जोडीला नवनवी नावं येत असतात, २०२० मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी स्पिंट-१ नावाचं आणखी एक प्रथिन पुढे आणलं. पण धागा तोच: बाळ पोटात, वार पोटात, आणि वारेची खबर आईच्या दंडातून काढलेल्या पाच मिलिलिटर रक्तात. कल्पना सुंदर आहे, हे मी आधी मान्य करतो. वर्गात शिकवताना मला ती नेहमी विहिरीच्या पाण्यावरून झऱ्याचा अंदाज घेण्यासारखी वाटायची.

सक्ती मागणाऱ्यांचा मुद्दा किरकोळ नाही. आज बाळ लहान आहे हे कसं कळतं? सिस्टर पोटावर टेप लावते. चोविसाव्या आठवड्यानंतर जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर, दोन-तीन इकडेतिकडे. कमी भरलं तर सोनोग्राफी. ही चाळणी फार भोकांची आहे. केंब्रिजमध्ये सुमारे चार हजार पहिलटकरणींवर झालेला मोठा अभ्यास २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. गरज वाटली तरच सोनोग्राफी, या नेहमीच्या पद्धतीने लहान बाळांपैकी जेमतेम २० टक्के सापडली. सगळ्यांचीच शेवटच्या तिमाहीत सोनोग्राफी केली तेव्हा ५७ टक्के. म्हणजे नेहमीच्या वाटेने पाचातली चार निसटतात, आणि तेही केंब्रिजमध्ये! मग सगळ्यांची सोनोग्राफी करा म्हणावं, तर आपल्याकडे ते सोपं नाही. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आहे, मशीनची नोंदणी आहे, प्रत्येक बाईमागे एफ फॉर्म आहे. हे सगळं कशासाठी आलं ते आपण जाणतो. असा कायदा महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९८८ मध्येच केला होता, आणि तो सैल करावा असं मी कधीही म्हणणार नाही. पण त्यामुळे मशीन उपकेंद्रात पोचत नाही, हेही खरंच. रक्त मात्र उपकेंद्रातली नर्सताई घेऊ शकते. त्यातून मुलगा-मुलगी कळत नाही, फॉर्म लागत नाही, रेडिओलॉजिस्ट लागत नाही. मग आणखी काय हवं?

हवं ते असं, की आकडा आल्यावर तो खरा निघण्याची शक्यता बरी असावी. इथे थोडा हिशेब करावा लागतो, आणि तो कुणी करत नाही म्हणून वाद भरकटतो. धरून चालू की कसलीही शंका नसलेल्या हजार बायकांपैकी ५० जणींची वार खरोखरच कमी पडते आहे. चाचणी चांगली आहे असंही धरू: खऱ्या शंभरातल्या ७० पकडते आणि निरोगी शंभरातल्या फक्त १० जणींवर खोटा आळ घेते. तर ५० पैकी ३५ सापडल्या. उरलेल्या ९५० निरोगी बायकांपैकी ९५ जणींच्या रिपोर्टवरही लाल बाण आला. एकूण १३० बाण, त्यातले खरे ३५. चार बाणांतले तीन खोटे. चाचणी वाईट आहे म्हणून हे होत नाही. जिथे आजार विरळ आहे तिथे चांगली चाचणीही अशीच वागते. गव्हातले खडे वेचणं वेगळं आणि वाळूत एखादा खडा शोधणं वेगळं.

शिवाय माझ्या भाचीच्या रिपोर्टमागे जो ३८ चा कट-ऑफ होता, म्हणजे ज्याच्या वर गेलं की लाल बाण, तो आला कुठून? २०१६ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातून. त्या अभ्यासातल्या बायकांना प्रीएक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणातल्या बीपीच्या आजाराची, आधीच शंका होती. तिथे ३८ चं खरं काम धीर देण्याचं होतं. रेशो ३८ च्या आत असेल तर पुढच्या आठवड्याभरात तो आजार होणार नाही, हे ९९.३ टक्के खात्रीने सांगता येत होतं. ३८ च्या वर गेलेल्यांना पुढच्या चार आठवड्यांत आजार झाला का? शंभरात सुमारे ३७ जणींना. शंका असलेल्या बायकांमध्ये ही गत. आणि आजार आहेच असं ठामपणे म्हणायला ३४ आठवड्यांनंतर ११० चा आकडा वापरतात. म्हणजे एका आजारासाठी, संशयित बायकांसाठी, ‘घाबरू नका’ सांगायला बांधलेली पट्टी उचलून दुसऱ्याच प्रश्नासाठी, धडधाकट बाईला, ‘घाबरा’ सांगायला लावली गेली. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये या चाचण्यांना मान्यता दिली ती प्रीएक्लॅम्प्सियाची शंका असेल तेव्हासाठी. अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २०२३ मध्ये परवानगी दिली तीही बीपीमुळे दवाखान्यात भरती असलेल्या बायकांसाठी. छत्तिसाव्या आठवड्यात मखाणे खात मालिका बघणाऱ्या निरोगी पोरीसाठी नव्हे.

लाल बाणानंतर पुढे काय? सक्तीची भाषा बोलणारे इथे नेमके गप्प होतात. वार सुधारायचं औषध नाही. सिल्डेनाफिलकडून मोठी आशा होती, रक्तवाहिन्या सैल करतं, वारेलाही रक्त पोचवेल म्हणून. नेदरलँड्समधली त्या औषधाची चाचणी २०१८ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध दिलेल्या गटात फुफ्फुसाच्या त्रासाने नवजात बाळं दगावली. मग उरतं काय? जास्त वेळा तपासणं, आणि बाळाला लवकर बाहेर काढणं. पूर्ण दिवसांच्या जवळ, बाळ लहान असल्याची शंका आहे, तेव्हा लगेच कळा आणाव्यात की वाट बघावी, हाही प्रश्न नेदरलँड्समध्ये ६५० बायकांवर तपासला गेला. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांतली बाळं सारखीच निघाली. म्हणजे निश्चित फायद्याचा उपाय हाती नसताना आपण निदानाची मात्र घाई करतो आहोत. आणि ही घाई कुठे उतरेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, खासगीत ४७.४ टक्के. ज्या जागी निम्मी पोटं आधीच कापली जातात, तिथे चारातले तीन खोटे लाल बाण सोडले तर काय होईल, हे सांगायला जीवरसायनशास्त्र लागत नाही. भाचीचं सिझर अडतिसाव्या आठवड्यात झालं. बाळ दोन किलो नऊशे, खणखणीत रडलं. ‘बघा, वेळेवर काढलं म्हणून वाचलं,’ असं मावसभावाने लिहिलं. यावर काय बोलणार?

अशा प्रकारचं हे पहिलंच प्रकरण असतं तर उत्साह समजला असता. पण आम्ही जुने लोक एकदा यातून गेलो आहोत. साठ-सत्तरच्या दशकांत ईस्ट्रिऑलचा जमाना होता. बाळाच्या आणि वारेच्या भागीदारीतून तयार होणारं हे संप्रेरक आईच्या लघवीत उतरतं. ते घसरलं की बाळ धोक्यात. बायका चोवीस तासांची लघवी मोठाल्या बाटल्यांत साठवायच्या, प्रयोगशाळा रोज आकडे काढायच्या, डॉक्टर त्यावरून बाळंतपणाची वेळ ठरवायचे. तर्क तितकाच देखणा होता. मग १९७६ मध्ये डॅलसमध्ये काही डॉक्टरांनी साधी गोष्ट केली. जोखमीच्या ६२२ बायकांचं रक्त तपासलं, पण निम्म्यांचे आकडे डॉक्टरांना दाखवलेच नाहीत. ज्यांचे आकडे दाखवले आणि ज्यांचे झाकले, त्यांच्या बाळांच्या मृत्यूत काही फरक पडला का? नाही पडला. बाटल्या हळूहळू अडगळीत गेल्या. पीएलजीएफ हे ईस्ट्रिऑलपेक्षा कितीतरी नेमकं आहे, हे मी स्वतः वर्गात सांगितलं असतं. पण आकडा बाळाच्या अवस्थेशी जुळतो, एवढ्यावरून तो आकडा कळल्याने बाळ वाचतं, असा निष्कर्ष निघत नाही. डॅलसच्या त्या लोकांनी हे पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

आपल्या घरचं उदाहरणही फार जुनं नाही. टीबीसाठी रक्त तपासणाऱ्या चाचण्या देशभर खासगी लॅबमध्ये धडाक्याने चालायच्या. थुंकी द्यायला लाज, रक्त द्यायला सोपं. कुणाला नसलेला टीबी चिकटला, कुणाचा असलेला सुटला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी आणली. तोपर्यंत किती घरांनी उगाच औषधं गिळली असतील? ‘रक्त घेणं सोपं आहे’ या युक्तिवादाला मी कान टवकारतो, ते यामुळे.

इथवर वाचून माझा मेहुणा खूश झाला असेल. त्याने जरा थांबावं.

‘आमच्या बायका बारक्या, त्यांची बाळं बारकी, त्यात काय एवढं’ ही जी सहज वृत्ती आहे, ती धंद्याला विरोध करण्याच्या नावाखाली बाळांकडे पाठ फिरवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आता या २.७ किलोच्या बाळांना विलायती तक्त्यावर बसवलं, तर गावंच्या गावं ‘खुंटलेली’ ठरतील. आणि सगळं गाव लहान म्हणून सोडून दिलं, तर त्यातली खरोखर गुदमरणारी बाळंही सुटतील. तक्ता कुठला लावायचा?

या प्रश्नाच्या उत्तरात नागपूरचा हात आहे, हे नागपूरकरांनाच फारसं माहीत नाही. पोटातल्या बाळाची वाढ जगात सगळीकडे सारखी असते का, हे शोधण्यासाठी इंटरग्रोथ-२१ नावाचा अभ्यास आठ ठिकाणी झाला: ब्राझीलमधलं पेलोटास, चीनमध्ये बीजिंगजवळचा शुन्यी, इटलीतलं तुरिन, केनियातलं नैरोबी, ओमानमधलं मस्कत, इंग्लंडमधलं ऑक्सफर्ड, अमेरिकेतलं सिअ‍ॅटल आणि आपलं मध्य नागपूर. त्यासाठी मुद्दाम निरोगी, शिकलेल्या, चांगलं खाऊन-पिऊन असलेल्या बायका निवडल्या होत्या. २०१४ मध्ये निकाल आला. बाळांच्या लांबीत आणि डोक्याच्या घेरात ठिकाणामुळे पडणारा फरक अगदी नाममात्र निघाला. थोडक्यात, नागपूरच्या बाईला नीट खायला मिळालं तर तिच्या लेकराचा सांगाडा ऑक्सफर्डच्या लेकरासारखाच वाढतो. आज या तक्त्यांवर जगभर बाळं मोजली जातात, त्यांच्यातले काही ठिपके इतवारी-महालाच्या आसपास राहणाऱ्या बायकांचे असतील. ‘आमची बाळं मुळातच बारकी’ हे वाक्य मग कुठे टिकतं?

ते टिकत नाही, पण प्रश्न संपतही नाही. कारण उमरेड किंवा भिवापूरकडून नागपूरला येणारी बाई त्या अभ्यासातली नसते. तिची आजी दुष्काळात वाढली, आई शेतमजुरीत, ती स्वतः बेचाळीस किलोची. तिचं बाळ लहान असतं ते पिढ्यांच्या भुकेने. तिची वार कदाचित ठणठणीत असते, जेवढं आहे तेवढं इमानेइतबारे पोचवते. शेजारच्या खाटेवरचं तेवढ्याच वजनाचं बाळ मात्र वार मिटत चालल्यामुळे दिवसेंदिवस गुदमरत असतं. सोनोग्राफीच्या पहिल्या नजरेत दोघं सारखीच दिसतात. पहिल्याला वेळ द्यायला हवा, आईला खाऊ घालायला हवं, दिवस भरू द्यायला हवेत. दुसऱ्याच्या बाबतीत थांबणं म्हणजे घात. ही दोन बाळं वेगळी कशी करायची? नाळेचा कलर डॉपलर, म्हणजे नाळेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, हे पहिलं साधन, आणि जोखमीच्या बाळंतपणांत त्याने बाळांचे मृत्यू सुमारे तीन दशांशाने कमी होतात, हे अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. पण शेवटच्या महिन्यात बिघडणाऱ्या वारेत हा डॉपलर पुष्कळदा नॉर्मल येतो. नेमकं तिथे पीएलजीएफचं नाणं खरं वाजतं. केंब्रिजच्याच गटाला पुढे दिसलं की छत्तिसाव्या आठवड्यात सोनोग्राफीत लहान आणि रेशोही चढलेला, असं दोन्ही जुळलं तरच धोका खरा मोठा.

मघाचा हिशेब इथे पुन्हा मांडून बघा. टेपने आणि सोनोग्राफीने बाजूला काढलेल्या १५० बायका घेऊ, त्यांत ४० जणींची वार खरीच आजारी. तीच चाचणी, तीच अचूकता. ४० पैकी २८ सापडल्या, उरलेल्या ११० मध्ये ११ खोटे बाण. एकूण ३९ बाण, खरे २८. मघाशी चारातला एक खरा होता, आता जवळजवळ चारातले तीन. चाचणी बदलली नाही, तिच्याआधी विचारलेला प्रश्न बदलला. मेहुण्याने हिला धंदा म्हणणं आणि मावसभावाने सक्तीची करा म्हणणं, दोघांनीही हा आधीचा प्रश्न वगळला आहे.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा, कारण उत्साही लोक ‘रेशो नॉर्मल’ हा शिक्का चांगल्या तब्येतीचा दाखला म्हणून वापरतील. वार ठीक आहे, एवढंच तो सांगतो. मघाच्याच राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. विदर्भात सिकलसेल आहे, आणि त्या आजाराच्या बायकांत बाळाची वाढ खुंटण्याचा धोका मुळातच जास्त. ज्या बाईचं नऊ महिन्यांत पाच किलोही वजन वाढलं नाही, तिला ‘तुझा रेशो छान आहे’ सांगून घरी पाठवणं ही क्रूर थट्टा होईल.

‘दोन्ही करा ना, टेपही आणि रेशोही, एवढं काय अडलंय?’ असं त्या बैठकीत एका तरुण डॉक्टरने मला विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता. अडतं ते असं: या चाचणीला काही हजार रुपये लागतात, रक्तातलं पाणी वेगळं करून थंड ठेवावं लागतं, मोठ्या यंत्रापर्यंत पोचवावं लागतं. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, एसटीने, डब्यातून ते नमुने काय अवस्थेत येतील याची कल्पना करा. शिवाय आकड्याचा अर्थ आठवड्यावर ठरतो, आणि आठवडा कळायला पाळीची तारीख किंवा पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी लागते. ‘होळीच्या आसपास पाळी चुकली’ एवढ्यावर पीएलजीएफ वाचणं म्हणजे घड्याळाशिवाय गाडीचं वेळापत्रक वाचणं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, यंत्रणेचं लक्ष एकच असतं. महिन्याच्या नऊ तारखेला मातृत्व अभियानाच्या रांगेत साठ बायका बसलेल्या असतात आणि सिस्टर एक. तिला नवी ट्यूब दिली की हातातली जुनी कोणती तरी गोष्ट सुटते. सुटेल ती कोणती, हे मला विचारू नका, पुढे येतंच.

मग या चाचणीचं काय करायचं? तपासायचं, आणि इथेच तपासायचं. हे नागपूरला नवं नाही. कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनने अकाली बाळंतपण टळतं का, हे सहा देशांतल्या ११,९७६ पहिलटकरणींवर तपासलं गेलं, त्यात भारतातली केंद्रं दोनच होती, बेळगाव आणि नागपूर. २०२० मध्ये निकाल आला: अकाली बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर. आकडा छोटा वाटतो, पण गोळी काही पैशांची होती आणि उत्तर आपल्याच बायकांमधून आलं होतं. तसंच इथे करता येईल. टेप आणि सोनोग्राफीत लहान ठरलेल्या बायका घ्याव्यात, सगळ्यांचं रक्त काढावं, निम्म्यांचा रेशो डॉक्टरांना दाखवावा, निम्म्यांचा डॅलससारखा झाकून ठेवावा. किती बाळं दगावली, किती अतिदक्षता कक्षात गेली, किती आया उगाच कापल्या गेल्या, ते मोजावं. तोवर पॅकेजमधला हा रेशो निरोगी बायकांवर विकणं थांबवावं. आणि रक्ताच्या चाचणीवर गरोदर बाईचा पैसा घालवायचाच असेल, तर पहिल्या तीन महिन्यांत घालवावा. तेव्हा मार्करमागे, म्हणजे रक्तातल्या खुणेमागे, उपाय तरी असतो. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात जोखीम ओळखून रोज दीडशे मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं, तेव्हा अकाली प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला.

आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या बाईंची सून नागपूरपासून दीड तासावरच्या गावी राहते. मागच्या उन्हाळ्यात सदतिसाव्या आठवड्यात तिच्या पोटातलं बाळ हालायचं थांबलं. शहरात आणेपर्यंत सगळं संपलं होतं. दीड किलोच्या आतबाहेर होतं. काही दिवसांनी बाई तिचं माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन आल्या, काही मदत मिळते का बघा म्हणून. टीटीच्या तारखा होत्या, लोहाच्या गोळ्यांची नोंद होती, बीपी होतं. गर्भाशयाच्या उंचीचे चौकोन, सातव्या महिन्याचा, आठव्याचा, नवव्याचा, तिन्ही कोरे. भाचीच्या सिझरची आणि त्या रेशोची गोष्ट आमच्या घरात चालली होती ती बाईंनी ऐकली असावी.

‘काकाजी, तिचं बी ते रक्त तपासलं असतं तं वाचलं असतं का लेकरू?’

सांगता येत नाही, म्हणालो. मग विचारलं, सिस्टरने पोटावर टेप लावून कधी मोजलं होतं का?

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. ‘कायची टेप?’